विमलकाकूंच्या घराचे कपडे

समोरच्या खिडकीला अजून उन्हाळा घातलेला आहे. रिसोडात सकाळी तोंडातून वाफा निघतायत, दूधवाला मफलरातून नुसते डोळे दाखवतो, आणि त्या खिडकीत क्रोशाची पांढरीशुभ्र जाळी लोंबतेय. पाडव्याच्या सुमारास लावलेली. विमलकाकू असत्या तर मृगाच्या आधीच ती उतरली असती, नीळ देऊन ट्रंकेत गेली असती, आणि आत्ता या थंडीत तिथे मरून रंगाच्या लोकरीची जाड झालर दिसली असती. मी शेठजींना दोनदा सांगून पाहिलं. ''राहू द्या मॅडम,'' म्हणाले. मग मी गप्प बसले. मी गप्प बसते म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा.

विमलकाकू म्हणजे समोरच्या कटलरीवाल्या शेठजींच्या पत्नी. टिकल्या, बांगड्या, फॉल, बटणं, दोऱ्याची रिळं, लोकरीच्या लडी, असं सगळं मिळणारं दुकान. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मधे एक उंबरठा. हा उंबरठा लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम पडणार आहे.

मी बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. एक ठेंगणी, गोरी बाई सरळ आत शिरली, स्वयंपाकघरात गेली, माझा माठ बघितला आणि कमरेला हात लावून उभी राहिली.

''काय वो बाई, माठ असा बोडका ठेवता?''

मी म्हटलं, त्यावर ताटली आहे की. तर म्हणाल्या, ''ताटली म्हणजे झाकण झालं. कपडे कुठं हायेत त्याचे?'' आणि पदराखालून क्रोशाचं गोल झाकण काढलं. कडेला काचेचे हिरवे मणी लावलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. माठावर ते घातलं, थोडं इकडून ओढलं, थोडं तिकडून, आणि निघून गेल्या. नाव नाही, गाव नाही, चहा नाही. मला राग आला होता. मग दुपारी त्या माठातलं पाणी प्यायले आणि राग गेला, कारण ते झाकण इतकं गोड दिसत होतं की उगीच परत परत पाणी प्यावंसं वाटत होतं.

माणसं सणाला स्वतःसाठी कपडे घेतात. काकू घरासाठी विणत. वर्षातून चार वेळा घराचे कपडे बदलत, आणि ते ठरलेलं असे. पाडव्याच्या आसपास उन्हाळा चढे. म्हणजे खिडक्यांना पांढऱ्या जाळ्या, माठाला मण्यांचं झाकण, खुर्च्यांच्या पाठींना फिकट पोपटी रुमाल. मृग लागायच्या आधी सगळं उतरे आणि जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या काढून जाड आकडीनं विणलेली पायपुसणी बाहेर येत. मातकट, शेवाळी, तपकिरी. ''चिखल येनारच हाये, तर त्याच्याच रंगाचं अंथरा. त्याले बी बरं वाटते,'' हे त्यांचं म्हणणं. दिवाळीचे कपडे मात्र लगेच चढत नसत. सोयाबीनच्या गाड्या बाजारात येऊन राहिलेल्या असत आणि गावभर भुसा उडत असे. तो बसला की मग दारावर तोरण, देवापुढे क्रोशाची रांगोळी, जी दरवर्षी पुसावी लागत नाही, नुसती झटकावी लागते. आणि थंडीत लोकर. किटलीला टोपी, पाटांना आसनं. एकदा तर गॅसच्या सिलिंडरला झालरीचा लाल झगा विणला. सिलिंडर घेऊन येणारा माणूस तो झगा हातात धरून बावळटासारखा उभा राहिला, नवीन सिलिंडरला घालायचा की जुन्याबरोबर न्यायचा ते त्याला कळेना.

रेशमाला त्यांनी जन्मात हात लावला नाही. जैनांचं घर. ''किडा मारून मी फूल कायले विणू?'' सूत आणि लोकर, बस. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असे, आणि आमच्या घरोघरी कुकरच्या शिट्ट्या वाजत तेव्हा त्या सुई घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेल्या असत. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस तोंडानं, आणि हात आपले चाललेले. हाताकडे त्या बघतच नसत. मला तेच जमत नसे. मी दोन उन्हाळे त्यांच्याकडे शिकायला बसले आणि शेवटी त्यांनीच हात जोडले.

''मॅडम, तुमच्या हातात भांडन चांगलं शोभते. हे राहू द्या.''

नक्षी त्या पुस्तकातून घेत नसत. तुरीचं फूल, बाभळीच्या शेंगा, जिलबीचं वेटोळं, काहीही. एकदा डोक्याची नस धरली म्हणून दवाखान्यात गेल्या. त्यांचा नंबर पुकारून पुकारून कंपाउंडर थकला आणि या आपल्या खिडकीच्या लोखंडी जाळीसमोर बोटांनी हवेत खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजत उभ्या. डॉक्टरांना न दाखवताच घरी आल्या. मी विचारलं, डोकं? तर म्हणाल्या, ''अवो, ते तर तिथंच राहून गेलं.'' आठवड्याभरात ती जाळी टीव्हीवरच्या रुमालात उतरली होती. बघितली की अजून मला तो दवाखान्याचा फिनेलचा वास येतो.

पण त्यांची खरी गोष्ट वेगळीच होती. गल्लीतली कुठलीही मुलगी लग्नाची झाली की काकू तिच्यासाठी पलंगपोस विणायला घेत. वर्ष लागे, कधी जास्त. आणि तो पलंगपोस त्या पुरा करत नसत. भोवतालची शेवटची ओळ सोडून देत. ती नवरीनं करायची. तिला सुई धरता येत असो नसो, हळद लागायच्या आत तिनं काकूंच्या पायरीवर बसून ती ओळ विणायची आणि शेवटची गाठ स्वतःच्या हातानं मारायची.

गिरणीवाल्या वहिनींची वैशाली मला आठवते. पोरीनं आयुष्यात बटण लावलं नव्हतं. तिची ती ओळ म्हणजे पूर आल्यावर बांध दिसतो तशी, इथं फुगलेली, तिथं आवळलेली. रुखवत मांडलं तेव्हा वहिनी तडतडल्या. ''काकू, एवढं चांगलं काम आणि कडेला हे काय? सासरचे लोक हसतीन ना. रातच्या रात उसवून नीट करून द्या.''

काकू शांतपणे म्हणाल्या, ''वाकडी हाये तेवढीच तर तिची हाये. बाकी सारी माही. सरळ केली तर पोरीनं नेलं काय सासरी?''

वहिनींना ते पटलं नाही. पण वैशालीला पटलं असावं, कारण पहिल्या दिवाळसणाला आली तेव्हा ती आधी काकूंकडे गेली आणि मग घरी. वहिनी त्यावरूनही तडतडल्या, ते सोडा.

क्रोशाचं एक आहे. त्यात शेवटी एकच फांदा, सुईवरचा तो फास, जिवंत असतो. बाकी हजारो टाके घातलेले असले तरी गाठ मारेपर्यंत सगळा भार त्या एका फांद्यावर. तो निसटला आणि कुणी दोरा ओढला की सरसर सगळं उसवत जातं. म्हणून अपुरं काम ठेवताना काकू त्या फांद्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवत. ''अख्ख्याचा जीव एवढ्यात हाये,'' म्हणत. मला वाटायचं, ही सगळ्याच विणकामाची गोष्ट सांगतायत.

त्यांच्या थोरल्या ट्रंकेत, अगदी तळाशी, पिन लावलेला एक पलंगपोस होता. तो पल्लवीचा. पल्लवी त्यांची मुलगी, एकुलती एक. तिच्यासाठी काकूंनी ती शाळेत होती तेव्हापासून विणायला घेतलेला. तुरीच्या फुलांची नक्षी, अशी की बोट लावायला भीती वाटावी. शेवटची ओळ तेवढी बाकी होती. आणि पल्लवीनं आपल्या मनानं लग्न केलं. कामरगावचा मुलगा, ठिबकच्या नळ्यांचं दुकान, स्वभावानं चांगला, पण जात दुसरी. हळद नाही, मांडव नाही, रुखवत नाही. शेठजी एकच वाक्य बोलले, ''ह्या घराचा उंबरठा तिले बंद.'' मग त्या विषयावर त्या घरात कोणी काही बोललं नाही. ओरडाआरडा झाला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

काकूंनीही नवऱ्याचा शब्द मोडला नाही. याचा मला फार राग येई आणि मी तो बोलून दाखवी. ''बसा की कामरगावच्या गाडीत, कोण अडवतं?'' त्या म्हणत, ''मी गेली तर मी जाईन मॅडम. ती कुठं आली?'' आणि पुढचा खांब घालत. त्यांना लेकीची भेट नको होती असं नाही. त्यांना लेक घरात हवी होती. पायपुसण्यावर पाय पुसून आत आलेली, माठातलं पाणी आपल्या हातानं घेतलेली. तेवढ्यासाठी त्या थांबल्या होत्या.

दर बदलत्या हंगामात ट्रंक उघडे. सगळे कपडे गच्चीवर उन्हात पडत. त्यात तो पलंगपोसही पडे, आणि काकू त्याच्याजवळ बसून राहत, कावळा बसू नये म्हणून. एका वर्षी मी म्हटलं, ''काकू, आणा इकडे, कुणाकडून तरी ओळ पुरी करून घेऊ, गाठ मारून टाकू. किती दिवस जीव टांगून ठेवायचा त्याचा?'' माझ्या हातावर अशी चापट बसली की बांगडी वाढली.

''हात लावून तर पाह्यजा!'' म्हणाल्या. मग स्वतःच घाबरल्या आणि दुकानातून मला नव्या बांगड्या आणून दिल्या. त्या मात्र मी हट्टानं तिथेच भरून घेतल्या.

शेठजींबद्दल आता सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना दगड समजाल. मीही समजत होते. एकदा मला बाळंतविडा द्यायचा होता, म्हणून पांढरा दोरा मागायला गेले. वरच्या फळीवर एक खोका होता, त्यात दुधी पांढऱ्या रंगाची रिळं भरलेली. मी म्हटलं, तो द्या. शेठजी म्हणाले, ''तो नाही. तो गिऱ्हाइकाचा हाये.'' शेठजी म्हणजे बसायचं स्टूलसुद्धा कोणी मागितलं तर विकतील असा माणूस. मी पुढच्या वर्षी विचारलं, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही. कंपनीचा तो रंग बाजारातून बंद झाला, नवे पांढरे आले, निळसर, चकचकीत. हा खोका मात्र फळीवर तसाच, धूळ झटकलेला. मग एकदा गच्चीवर पलंगपोसाजवळ उभी असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोच दुधी पांढरा. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ''मले माहीत हाये. त्यायले सांगू नका मले माहीत हाये म्हणून.'' त्या दिवशी घरी येऊन मी रडले, दोघांवरही चिडून.

शेठजींचा दुकानाचा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. दुकानात आलेलं गिऱ्हाईक हाकलायचं नाही. कोणी असो. ज्याच्याशी कोर्टात वाद चालू होता, त्यालासुद्धा त्यांनी चेन आणि हुक काढून दिलेले मी पाहिले आहेत. मान खाली घालून, पण दिले. या नियमाला काकूंनी आकडी घातली. कशी सुचली देव जाणे. एका संध्याकाळी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, ''मॅडम, तुमच्या फोनवरून पल्लीले लावा. तिले सांगा, घर बंद असन, दुकान साऱ्यायले उघडं हाये.''

मी सांगितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पल्लवी आली. तीन गाड्या बदलून, उन्हानं लाल झालेली. मी माझ्या दारात भाजी निवडायचं नाटक करत बसले. ती दुकानासमोर उभी राहिली. शेठजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

''काय पाह्यजे?''

''दोरा. दुधी पांढरा.''

ते स्टुलावर चढले, खोका काढला, झाकण उघडलं, आणि एक रीळ तिच्यापुढे ठेवलं. पल्लवी म्हणाली, ''एकच?''

''आज एकच हाये बाई. बाकीचा माल पुढच्या खेपेले.''

खोका काठोकाठ भरलेला होता. मला माझ्या दारातून दिसत होता, तिला काय दिसला नसेल! पण तिनंही मान हलवली, जसं काही दोऱ्याची खरंच टंचाई पडलीय. दुकानाच्या पायरीवर काकू पलंगपोस मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. पल्लवी त्यांच्याशेजारी बसली. काकूंनी पिन काढली आणि जिवंत फांदा लेकीच्या सुईवर दिला.

मिठी नाही, रडणं नाही. शेठजी मागे बसलेले, म्हणून बोलणंसुद्धा टाक्यांचंच. ''साखळी सैल सोड. आवळू नको.'' ''हां आई.'' पल्लवीची ओळ वाकडीच चालली होती आणि काकूंनी एकदाही उसव म्हटलं नाही. मला तर बारीकशा चुकीला पण उसवायला लावायच्या. बऱ्याच वेळानं काकूंनी विचारलं, ''तिकडं घराले कपडे हायेत काय?'' पल्लवी म्हणाली, ''नाहीत आई. उघडंच हाये.'' पुढच्या खेपेला पल्लवीच्या पिशवीतून माठाचं झाकण गेलं.

असं मग चालूच राहिलं. पल्लवी यायची, एक रीळ घ्यायची, पायरीवर बसून विणायची, गाडीच्या वेळेला निघायची. तहान लागली तर पाणी माझ्या घरून. गल्लीत बायका म्हणत, कामरगावात काय दोरा भेटत नाही? मी म्हणे, इतका चांगला भेटत नाही. पावसाळा गेला, भुसा बसला, तोरण लागलं, उतरलं. काकू पायरीवर लोकरीची शाल पांघरून बसू लागल्या. बाप रोज खोक्यावरची धूळ झटके, आणि उंबरठा होता तिथेच होता. मधे वीतभर लाकूड, पण ना तो बोलावी, ना ती ओलांडी. काकू एकदा मला म्हणाल्या, ''ओळ सरत आली मॅडम. सरली म्हंजे ती कायले येईन?'' त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

होळीच्या आधी काकूंना छातीचा त्रास झाला. वाशीमला नेलं, आणलं. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि जे काय सांगायचं ते शेठजींना बाजूला घेऊन सांगितलं. काकू मधल्या खोलीत खाटेवर. मी जाऊन बसत असे. त्यांचं लक्ष सारखं दुकानाकडे. ''पायरीवर जाऊ देतीन काय मले? खुर्चीवर बसून?'' पल्लवी यायच्या दिवशी त्यांनी सकाळपासून तीनदा उठायचा प्रयत्न केला. मी शेवटी ओरडले त्यांच्यावर. आजारी माणसावर ओरडले.

पल्लवी आली. मी आत खाटेशी होते, मधला दरवाजा उघडा होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं आणि अर्धं दिसलं. रिकाम्या पायरीकडे बघून ती थबकली. मग दुकानात शिरली.

''दोरा पाह्यजे होता,'' म्हणाली.

शेठजी वरच्या फळीकडे बघत राहिले. फळी रिकामी होती. खोका तिथे नव्हता. तो कुठे होता ते मला तेव्हा दिसलं. काकूंच्या खाटेखाली. सकाळी कधी आणून ठेवला होता, काकूंनाही माहीत नव्हतं.

''माल आत हाये,'' शेठजी म्हणाले. ''तुह्या मायजवळ ठेवला. जाय, आत जाऊन घे.''

मग ते उठून फळीवरच्या नसलेल्या वस्तू नीट लावायला लागले, पाठ करून.

पल्लवी उंबरठ्याशी आली आणि तिथेच थांबली. चपला काढल्या. एक पाय उचलला, परत टेकवला. मला वाटलं, आता हाक मारावी. काकू उशीवरून अर्ध्या उठल्या होत्या, डोळे वाहत होते. आणि एवढ्या वर्षांनी लेक दारात आलेली असताना त्या बाईनं काय म्हणावं!

''पाय पुसून ये. पायपुसनं धुतेल हाये.''

पल्लवी हसली, रडली, आणि पाय पुसून आत आली.

पाडवा जवळ आला होता. काकूंनी खाटेवरूनच हुकूम सोडले. ही ट्रंक उघड, ती जाळी काढ, तिच्या खालची नाही, तिच्या वरची. खिडकीला उन्हाळा पल्लवीनं घातला. एका बाजूला थोडा उतरता. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, ''चालते.'' त्यानंतर वैशाख लागायच्या आत काकू गेल्या. जाळी तशीच उतरती आहे, आणि आता तुम्हाला कळलं असेल की ''राहू द्या'' ऐकून मी गप्प का बसते.

पण मला काकू आठवतात त्या त्याच दुपारच्या. जाळी लावून झाल्यावर पल्लवी खाटेच्या कडेला बसली आणि ओळ पुरी करायला घेतली. खोका उघडा, हवा तेवढा दोरा. कोपरा वळला, ओळ सुरुवातीच्या टाक्याला येऊन मिळाली. लेकीचा हात थांबला. शेठजी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते, आत यावं की नाही असे.

पल्लवीनं विचारलं, ''आई, आता गाठ मारू?''

काकूंनी त्या सगळ्या वाकड्या ओळीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू. मग शेठजींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तो जुना, माझ्या माठावर झाकण घालतानाचा खट्याळपणा आला.

''नको,'' म्हणाल्या. ''पिन लाव. गाठ पुढच्या खेपेले.''